चोवीस शून्ये आणि एक जिताडा

जुलैच्या मध्यावर मेलबर्नच्या शाळांचं तिसरं सत्र सुरू होतं. बाहेर बोचरी थंडी असते आणि पालकांच्या फोनवर शाळेच्या ॲपमधून परवानगीच्या विनंत्या येत राहतात. नववी-दहावीतलं मूल असेल तर त्यात दोन अशा असू शकतात: एक ऑस्ट्रेलियन मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशनला बसण्याची, दुसरी फूड स्टडीजच्या वर्गाबरोबर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट बघायला जाण्याची. मराठी घरात पहिलीला लगेच होकार जातो. दुसरीवर चर्चा होते.

त्या चर्चेतल्या दोन्ही बाजू नीट ऐकू याव्यात म्हणून इथे त्या दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत अलिबागजवळच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले सर, सध्या मुक्काम मुलाकडे. दुसरी त्यांची सून, मेलबर्नच्या एका सरकारी हायस्कुलात फूड स्टडीज शिकवणारी; तिला बाई म्हणू. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या तोंडची माहिती खरी आहे.

सुरुवात सरांनी केली. "बाजारात जायला शाळेचा अख्खा दिवस कशाला घालवायचा? आम्हीही मुलांना बाजारात पाठवायचो, पण संध्याकाळी, हातात पिशवी देऊन."

"तेव्हा मुलं जात होती, बाबा. आता कोण जातं? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी मासा पाहिलाय तो फक्त तबकात, प्लास्टिकखाली. त्याला डोकं असतं हे त्यांना माहीत असतं, पण डोळा ताजा कसा दिसतो ते सांगता येत नाही."

"मासा ओळखता आला नाही म्हणून कुणाचं अडत नाही. गणित आलं नाही की जन्मभर अडतं."

या वाक्यामागे सरांचा अनुभव आहे आणि ते उगाच बोललेलं नाही. ज्या स्पर्धेबद्दल ते बोलत होते, तिची गोष्टही एका शिक्षकाचीच आहे. कॅनबेराचे पीटर ओ'हॅलोरन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गेले, तिथली शालेय गणित स्पर्धा पाहून आले आणि आपल्या मुलांसाठीही असं काही हवं म्हणून कामाला लागले. १९७६ मध्ये कॅनबेरा परिसरात पहिली परीक्षा झाली, १९७८ पासून ती देशभर घेतली जाऊ लागली. ऑलिंपियाड हा मोजक्या मुलांचा मामला. ही स्पर्धा मात्र पहिल्यापासून साध्या शाळेतल्या साध्या मुलासाठी आखलेली आहे.

तिची रचना पाहिली की हे कळतं. माध्यमिक गटाला ७५ मिनिटांत ३० प्रश्न. पहिले दहा तीन-तीन गुणांचे, पुढचे दहा चार-चार, त्यानंतरचे पाच पाच-पाच गुणांचे. शेवटच्या पाच प्रश्नांना पर्यायच नसतात; ० ते ९९९ मधली एक पूर्ण संख्या उत्तर म्हणून द्यायची, आणि त्यांचे गुण ६, ७, ८, ९, १० असे चढत जातात. एकूण १३५. कॅल्क्युलेटर चालत नाही. पहिल्या दहांतले बरेच प्रश्न वर्गातल्या कुठल्याही मुलाला जमावेत असे, आणि तिसाव्यापाशी शाळेतला सगळ्यांत हुशार विद्यार्थीही डोकं धरून बसावा असा.

"तुला एक दाखवतो," सर म्हणाले. त्यांनी वीजबिलाच्या पाकिटाची मागची बाजू घेतली. "स्पर्धेतला नाही, जुनाच आहे. एकापासून शंभरापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील?"

हा गुणाकार १५८ अंकी आहे. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर तो मावत नाही, हातानं करायचा म्हटला तर दिवस जाईल. मग मूल काय करतं? आधी गप्प बसतं. नंतर त्याच्या लक्षात येतं की शून्य येतं दहामुळे, आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. दोन तर भरपूर आहेत, दर दुसऱ्या संख्येत एक तरी. तेव्हा मोजायचे ते पाच. पाचच्या पटीतल्या संख्या शंभरात वीस, म्हणून उत्तर वीस, असं म्हणून ते पेन्सिल खाली ठेवतं. सर काही बोलत नाहीत, नुसते २५ वर बोट ठेवतात. मूल बघतं. पंचविसात पाच दोनदा आहे. पन्नासात, पंचाहत्तरात, शंभरातही. आणखी चार. चोवीस.

"ही जी मधली गप्प बसण्याची मिनिटं आहेत ना," सर म्हणाले, "ती वर्गात मिळत नाहीत. वर्गात काय, उदाहरण फळ्यावर आलं की रीत आधीच माहीत असते. प्रकरणाचं नावच सांगतं काय करायचं ते. इथे प्रकरणाचं नाव नाही. अडकायचं, आणि आपण अडकलो म्हणजे आपण ढ नाही, हे कळायचं."

मग त्यांनी टेरेन्स ताओची गोष्ट सांगितली. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९८८ मध्ये कॅनबेरालाच भरलं होतं. ॲडलेडचा ताओ तेव्हा तेरावा वाढदिवस काही दिवसांवर आलेला मुलगा. त्याला सुवर्णपदक मिळालं. इतक्या लहान वयात ते मिळवणारा आजवर दुसरा कुणी झालेला नाही. पुढे २००६ साली त्याला फील्ड्स पदकही मिळालं. पण त्याच ऑलिंपियाडच्या सहाव्या प्रश्नात, जो पुढे गणितप्रेमींत प्रसिद्ध झाला, त्याला सातपैकी एकच गुण होता. "ताओसुद्धा अडकला," सर म्हणाले. "हे प्रत्येक मुलाला सांगायला पाहिजे."

बाईंनी हे सगळं मनापासून ऐकलं, आणि बोलल्या तेव्हा आडपडदा ठेवला नाही. "बाबा, तुम्ही पाकिटावर जे केलंत त्यात घड्याळ नव्हतं. तिथे ७५ मिनिटांत तीस प्रश्न असतात, म्हणजे एकाला अडीच मिनिटं. गप्प बसायला वेळ आहे कुठे? आणि बसतं कोण? कित्येक ठिकाणी ज्यांचं गणित आधीच चांगलं आहे त्यांनाच विचारतात. बाकीच्यांना अशी स्पर्धा असते हेसुद्धा कळत नाही. आपल्या लोकांचं तर विचारूच नका. शनिवारी सकाळी क्लास, सिलेक्टिव्ह शाळेची तयारी, आणि त्या क्लासमध्ये मागच्या दहा वर्षांचे पेपर. म्हणजे प्रकरणाचं नाव पुन्हा माहीतच."

सिलेक्टिव्ह म्हणजे काय, ते मेलबर्नबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. व्हिक्टोरिया राज्यात प्रवेश परीक्षा घेऊन नववीत मुलं घेणाऱ्या चार सरकारी शाळा आहेत: मेलबर्न हाय, मॅक्रॉबर्टसन गर्ल्स हाय, नोसल आणि सुझान कोरी. भारतीय घरांत या चार नावांभोवती दोन-तीन वर्षं फिरतात. स्पर्धेतलं 'डिस्टिंक्शन' मग त्या वाटेवरचा एक थांबा होतो. ज्या स्पर्धेचा हेतू मुलाला अनोळखी प्रश्नासमोर उभं करण्याचा, तिचीच घोकंपट्टी होते. बाईंचा हा मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडे स्कॉलरशिपपासून होमी भाभा बालवैज्ञानिकपर्यंतच्या परीक्षांचं क्लासवाल्यांनी काय केलं, हे सरांनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं, म्हणून त्यांनी तो खोडून काढायचा प्रयत्नही केला नाही.

वेळेच्या मुद्द्यावर मात्र ते हटले नाहीत. ही स्पर्धा चालवणारी ऑस्ट्रेलियन मॅथ्स ट्रस्ट हीच संस्था काही आठवडे हातात देऊन विस्तारानं सोडवायचं 'चॅलेंज'ही घेते. व्हिक्टोरियातल्या गणित शिक्षकांची संघटना 'मॅथ्स टॅलेंट क्वेस्ट' भरवते, त्यात तर मुलांनी स्वतःच विषय निवडून एकट्यानं किंवा गटानं त्याचा छडा लावायचा असतो. "घड्याळाचा त्रास होत असेल तर घड्याळ नसलेली स्पर्धा घ्या," सर म्हणाले. "पण गणित कमी करू नका. या देशाचा पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेतला गणिताचा आकडा २००३ साली ५२४ होता. २०२२ ला ४८७. तुमच्या शाळा मुलांना अवघड काही देतच नाहीत."

"पिसाचा पेपर बघितलाय तुम्ही?"

"बघितला नाही."

"त्यात किती प्रश्न रोजच्या व्यवहारातले असतात ते बघा. दर, प्रमाण, टक्के, नकाशा, तक्ता. आकडेमोड येऊनही प्रसंगात वापरता येत नाही, हीच तर तिथली परीक्षा. म्हणजे पिसाचा आकडा तुम्ही माझ्या बाजूनं टाकलात."

इथून बोलणं बाजाराकडे वळलं, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या वादातला सगळ्यांत कसदार भाग इथे आहे.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ सालचं, म्हणजे गणित स्पर्धा देशभर सुरू झाली त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीचं. शहराच्या मध्यवर्ती भागात सुमारे सात हेक्टरांवर पसरलेलं. एका बाजूला मटण-मासळीची बंदिस्त दालनं, दूधदुभत्याचं आणि चीजचं वेगळं दालन, बाकी उघड्या शेडमध्ये भाजी आणि फळं. फूड स्टडीजचा वर्ग इथे येतो तो नुसता फिरायला नाही. व्हिक्टोरियाच्या अकरावी-बारावीच्या या विषयात अन्न कुठून आलं, कोण बनवतं, रोजच्या जगण्यात त्याचं काय होतं आणि पुढे कसं पुरणार, अशी चार अंगं आहेत. बाजारात चारही एका छपराखाली सापडतात.

"सुपरमार्केटमध्ये बहुतेक वस्तूंखाली शंभर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव लिहिलेला असतो," बाई सांगू लागल्या. "२००९ पासून मोठ्या दुकानांना ती सक्ती आहे. म्हणजे भागाकार दुकानदारानं केलेला. बाजारातल्या गाळ्याला तो नियम लागू नाही. तिथे एकीकडे किलोचा भाव, शेजारी दोन जुड्यांचा, पलीकडे खोक्याचा. भागाकार मुलांनी करायचा, तोही उभ्यानं, मागे गिऱ्हाईक थांबलेलं असताना. तुमचं घड्याळ तिथेही असतं."

"हा पाचवीचा भागाकार झाला."

"थांबा. मासळीत चला."

मासळीच्या गाळ्यावर बारामुंडी असतो. हा अलिबाग-पेणकडचा जिताडा, तोच मासा. रायगडात खाडीलगतच्या शेततळ्यांत तो पाळतात, इथे बराचसा मोठ्या मत्स्यशेतीतून येतो. जिताडा म्हटल्यावर सर सरसावून बसले.

"समजा," बाई म्हणाल्या, "अख्खा मासा वीस डॉलर किलो, आणि कापलेला, काटे काढलेला फिले पंचेचाळीस डॉलर. मुलं सांगतात, अख्खा स्वस्त. मग मी विचारते, अडीच किलोच्या माशातून निव्वळ मांस किती निघेल? ती मासेवाल्याला विचारतात. समजा चाळीस टक्के. म्हणजे एक किलो. आता सांगा."

सरांनी क्षणात सांगितलं. "अडीच किलोचे पन्नास डॉलर. मांस एक किलो. पन्नास रुपयांना, डॉलरना, एक किलो. फिले पाच डॉलरनं स्वस्त!"

"आणि डोकं? मधला काटा?"

सर हसले. जिताड्याचं डोकं टाकून देतो म्हणणाऱ्याशी रायगडातला माणूस बोलणार नाही. डोक्याचं कालवण होतं आणि चार माणसं जेवतात. ते जेवण पाच डॉलरपेक्षा जास्तीचं असेल तर अख्खा मासा पुन्हा स्वस्त. म्हणजे उत्तर नुसत्या भागाकारावर ठरत नाही. घरात कोण काय खातं, कुणाला काय रांधता येतं, यावर ठरतं. वर्गात चिनी, व्हिएतनामी, मल्याळी घरातली मुलं असतात त्यांना हे आधी सुचतं. फिलेवर वाढलेल्या मुलांना डोक्याला किंमत असते हेच नवं असतं.

आणि हा मासा आणखी एक गोष्ट शिकवतो. जिताडा जन्मतो नर आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. क्वीन्सलंडमध्ये तो पकडायला कमीत कमी ५८ सेंटिमीटरची मर्यादा आहे, आणि जास्तीत जास्त १२० सेंटिमीटरचीही. लहान मासा सोडून द्यायचा हे कुणालाही पटतं. मोठा का सोडायचा? कारण अंडी घालणाऱ्या माद्या त्या मोठ्यांतच असतात. दहावीतल्या मुलानं हा प्रश्न स्वतः विचारला, की जीवशास्त्र, कायदा आणि आकडा एकाच गाळ्यावर भेटतात. सर बराच वेळ यावरच बोलत राहिले. आयुष्यभर जिताडा खाऊनही त्यांना हे माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही.

भाजीच्या शेडमध्ये काय मिळतं याइतकंच काय मिळत नाही हेही बाई मुलांना विचारतात. व्हिक्टोरियातल्या आदिवासी समाजांचं एक मुख्य अन्न होतं मुरनाँग, पिवळ्या फुलाच्या रोपाचा कंद. १८३० च्या दशकात मेंढ्या आल्या आणि काही वर्षांत त्यांनी त्याची कुरणंच्या कुरणं संपवली. राज्याच्या नैऋत्येला बुज बिम इथे गुंडिजमारा लोकांनी लाव्हाच्या खडकांत पाट आणि बंधारे करून वाम मासा पाळला, किमान ६,६०० वर्षांपूर्वीपासून. २०१९ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. हे ऐकलेलं मूल पुढे 'ऑस्ट्रेलियाचं खाणं' म्हटल्यावर व्हेजिमाइटच्या पलीकडे बघायला शिकतं.

सरांची शंका अजून शिल्लक होती, आणि ती रास्त होती. "सगळ्याच शाळांत तू नाहीस. बाकीच्या सहलींत काय होतं? एक कागद देतात, रिकाम्या जागा भरा. मुलं एकाची उत्तरं दहा जण उतरवतात आणि जाम भरलेले गरम डोनट खाऊन परत येतात."

"होतं असं," बाईंनी मान्य केलं. "ज्या कागदाची उत्तरं बाजारात न जाता भरता येतात, तो कागद घेऊन बाजारात जाऊच नये." शिक्षकांच्या खोलीत चिकटवून ठेवावं असं हे वाक्य आहे.

मग खरं दुखणं बाहेर आलं, कारण मराठी घरांत सहलीला विरोध एका दिवसासाठी नसतोच. विरोध विषयाला असतो. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जो एटीएआर क्रमांक मिळतो, त्यात विषयांचे गुण 'स्केल' होतात. स्पेशलिस्ट मॅथेमॅटिक्सचे वर जातात, फूड स्टडीजचे खाली येतात. पालक हे पाहतात आणि निकाल देऊन मोकळे होतात: हलका विषय. सरही तेच म्हणाले.

"स्केलिंग विषयाची लायकी मोजत नाही, बाबा. तो विषय घेणाऱ्या मुलांनी त्यांच्या बाकीच्या विषयांत कसं केलं, एवढंच मोजतं. हुशार म्हणवणाऱ्या मुलांना आपणच अडवलं की गुण खाली येणार, आणि गुण खाली आले म्हणून आपण पुन्हा अडवणार. हे चक्र तुमच्यासारख्या गणितवाल्याला दिसायला हवं."

सरांनी यावर उत्तर दिलं नाही, पण मतही बदललं नाही. नातीनं बारावीला स्पेशलिस्ट मॅथ्सच घ्यावं, असंच त्यांना वाटतं. या एका गोष्टीवर सासरा आणि सून आजही दोन टोकांना आहेत, आणि स्केलिंगचं गणित पाहता प्रवेशाच्या काळजीनं बोलणाऱ्या आजोबांना चूक ठरवणं सोपं नाही. नववी-दहावीत मात्र एटीएआरचा प्रश्नच येत नाही. तिथे एक गुरुवार बाजारात गेल्यानं कुणाचाही क्रमांक हलत नाही. त्या वयात फूड स्टडीज अडवण्याला कसलाच आधार उरत नाही.

प्रस्तुत लेखकाचा कौल असा. स्पर्धेतलं पदक आणि सहलीचं हुंदडणं या दोन्ही गोष्टी बाजूला केल्या, की आत उरतं ते सारखंच: उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न आणि तो पुढ्यात ठेवून थांबणारा मोठा माणूस. चूक वाटपात होते. स्पर्धा ज्यांना गणित येतं त्यांनाच देतात, बाजार ज्यांनी तो विषय निवडला त्यांनाच दाखवतात. खरं तर शून्यांच्या उदाहरणाची जास्त गरज गणिताला घाबरणाऱ्या मुलीला आहे, आणि जिताड्याच्या भागाकाराची जास्त गरज स्पेशलिस्ट मॅथ्सच्या वाटेवर निघालेल्या मुलाला. दोघांना एकाच गटात घालून त्या गाळ्यासमोर उभं करावं, आणि तिथून आणलेले आकडे 'टॅलेंट क्वेस्ट'साठी वापरावेत. यात काही अशक्य नाही. फक्त दोन विषयांच्या शिक्षकांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसायला हवं.

मेलबर्नमधल्या मराठी पालकांना म्हणून दोन विनंत्या. स्पर्धेची नावनोंदणी शाळेमार्फत होते आणि ती फक्त निवडक मुलांसाठी नाही. तुमच्या मुलाला कुणी विचारलं नसेल तर तुम्ही शाळेला विचारा. आणि बाजाराच्या सहलीला नकार देण्याआधी त्या विषयाच्या शिक्षकांना भेटून विचारा, मुलं तिथे कोणता प्रश्न सोडवणार आहेत. खर्चाची अडचण असेल तर तीही मोकळेपणानं सांगा: सवलत कार्ड असलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या सहलींसाठी व्हिक्टोरिया सरकारचा 'कॅम्प्स, स्पोर्ट्स अँड एक्स्कर्शन्स फंड' आहे, आणि त्याच्या अर्जाबद्दल शाळेच्या कार्यालयात विचारता येतं.